अबुधाबीमार्गे इटली : एका व्हॉलीबॉलपटूचे स्थलांतर

उत्तर इटलीत ब्रेशिया जिल्ह्यात मोन्तिकियारी नावाचे एक छोटे शहर आहे. तिथल्या बंदिस्त क्रीडागृहाचे नाव ‘पालाजॉर्ज’. ‘पाला’ हे ‘पालात्सेत्तो’ या इटालियन शब्दाचे लघुरूप. त्याचा अर्थ क्रीडागृह. ‘जॉर्ज’ हा मात्र कोणी इटालियन संत नव्हे, देणगीदार नव्हे, तिथला नगराध्यक्षही नव्हे. तो केरळच्या कण्णूर जिल्ह्यातल्या पेरावूर गावचा जिमी जॉर्ज. ३० नोव्हेंबर १९८७ रोजी इटलीतच मोटार अपघातात तो गेला, तेव्हा त्याचे वय ३२ होते आणि तो मोन्तिकियारीच्या संघाकडून खेळत होता. परदेशात व्यावसायिक म्हणून खेळलेला पहिला भारतीय व्हॉलीबॉलपटू म्हणून त्याचे नाव घेतले जाते. पोटासाठी परदेशी गेलेल्या भारतीय खेळाडूचे नाव तिथल्या गावाने आपल्या क्रीडागृहाला द्यावे, असे दुसरे उदाहरण चटकन आठवत नाही.

हा लेख जिमी जॉर्जच्या पराक्रमांची यादी देण्यासाठी नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. मी चिंचोटीचा. मुंबई–अहमदाबाद महामार्गावरून कामण–भिवंडीकडे जो रस्ता फुटतो, तिथले आमचे गाव. पावसाळ्यात मुंबईकरांना ते धबधब्यामुळे आठवते; उरलेले वर्षभर ते ट्रकवाल्यांना ठाऊक असते. तुंगारेश्वरच्या डोंगराच्या कुशीत आदिवासी पाडे, रस्त्याच्या कडेला गोदामे आणि गाळे. भातकापणी उरकली, की मोकळ्या जागेत दोन बांबू रोवून जाळी बांधली जाते आणि अंधार पडेपर्यंत व्हॉलीबॉल चालतो. पेरावूरही असेच डोंगराच्या पायथ्याचे गाव. चेंडू तोच, जाळीची उंचीही तीच. मग पेरावूरच्या मैदानातून इटलीला वाट गेली, ती कशी? आणि आमच्याकडची वाट महामार्गाच्या अलीकडेच का थांबते? याचे उत्तर उंच उडीत किंवा मनगटाच्या ताकदीत सापडत नाही. ते शाळा, नोकरी, रजा आणि कारखाने यांच्या इतिहासात सापडते.

दमलेल्या माणसांचा खेळ

व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ सालचा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या होलयोक या गावचा. होलयोक हे कागदगिरण्यांचे गाव. तिथल्या वायएमसीएमध्ये विल्यम मॉर्गन हा व्यायामशिक्षक होता. बास्केटबॉल चार वर्षांपूर्वीच निघाला होता, पण दिवसभर काम करून संध्याकाळी येणाऱ्या पोक्त मंडळींना त्यातली धावपळ आणि धक्काबुक्की झेपत नसे. मॉर्गनने टेनिसची जाळी साडेसहा फुटांवर बांधली आणि चेंडू हाताने इकडून तिकडे टोलवायला लावला. या खेळाला त्याने आधी ‘मिंटोनेट’ असे नाव दिले होते. पुढच्या वर्षी स्प्रिंगफील्डच्या प्रात्यक्षिकानंतर ते ‘व्हॉलीबॉल’ झाले.

या जन्मकथेत खेळाचा पुढचा सगळा प्रवास दडला आहे. जागा थोडी लागते, साहित्य जवळजवळ काहीच लागत नाही, कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. त्यामुळे कारखान्याच्या आवारात, बराकीत, शाळेच्या पटांगणात आणि खळ्यावर तो सारख्याच सहजतेने रुजला. भारतात तो वायएमसीएच्या माणसांबरोबर आला. हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले आणि तिथून शिकून गेलेले शिक्षक देशभर पसरले. मुंबई सरकारने १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षणसंस्था काढली. वसई ते कांदिवली हे अंतर लोकलने तासाभराचेही नाही. आपल्याकडच्या शाळांतून व्हॉलीबॉलची जाळी दिसू लागली, ती अशा शिक्षकांच्या पिढ्यांमुळे.

महाराष्ट्रात मात्र त्याच काळात दुसरा एक प्रवाह जोरात होता. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून देशी खेळांचे काम करत होते आणि १९३६ मध्ये त्याच्या चमूने बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. खेळासाठी परदेशी जाण्याची मराठी परंपरा अशी देशी खेळ जगाला दाखवण्यातून सुरू झाली. पुढे व्हॉलीबॉललाही आपण आपले रूप दिले. मुठी आवळून चेंडू मारण्याचा ‘शूटिंग व्हॉलीबॉल’ पश्चिम महाराष्ट्राच्या गावोगावी जत्रेतल्या स्पर्धांतून रंगला. खेळ म्हणून तो अस्सल आणि अवघड आहे. पण भारत-पाकिस्तानापलीकडे त्याला फारशी ओळख नाही. शूटिंगमध्ये आयुष्य घालवलेल्या गावच्या नामांकित खेळाडूला जगाच्या बाजारात गिऱ्हाईक नव्हते.

पेरावूर ते सोल

भारतीय व्हॉलीबॉल महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला आणि दुसऱ्याच वर्षी मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत उतरलेल्या ११ संघांमध्ये भारत होता. १९५८ च्या टोकियो आशियाई स्पर्धेत आपल्याला कांस्यपदक मिळाले, १९६२ मध्ये जाकार्ताला रौप्य. व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आला १९६४ साली. म्हणजे आपण आशियात दुसरे असताना जग नुकते कुठे या खेळाची दखल घेत होते. त्यानंतर आपण मागे पडत गेलो.

जिमी या उताराच्या काळात वाढला. ८ मार्च १९५५ चा त्याचा जन्म. जॉर्ज कुटुंबातले आठही भाऊ व्हॉलीबॉल खेळत. ‘जॉर्ज ब्रदर्स’ नावाचा अख्खा संघ एका घरातून उभा राहू शकत असे. यातला धाकटा रॉबर्ट, म्हणजे बॉबी जॉर्ज, आपल्याला दुसऱ्या नात्याने ठाऊक आहे : २००३ च्या पॅरिस जागतिक स्पर्धेत लांब उडीचे कांस्य जिंकणाऱ्या अंजू बॉबी जॉर्जचा तो पती आणि प्रशिक्षक. जिमी चांगला पोहणारा होता, वैद्यकीय शिक्षणालाही लागला होता. ते सोडून तो खेळाकडे वळला. केरळ विद्यापीठाचा संघ, १९७४ ची तेहरान आशियाई स्पर्धा, १९७६ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी अर्जुन पुरस्कार आणि त्याच वर्षी केरळ पोलिसांत नोकरी. १९७८ ला बँकॉक. इथपर्यंतची कहाणी कोणत्याही गुणी भारतीय खेळाडूची वाटावी अशी आहे.

पुढचे पाऊल वेगळे आहे. १९७९ मध्ये तो अबुधाबी स्पोर्ट्स क्लबकडून खेळायला गेला. साल लक्षात घेण्याजोगे आहे. १९७३ च्या तेल दरवाढीनंतर आखातात पैशाचा पूर आला आणि केरळातून सुतार, गवंडी, परिचारिका, कारकून, वाहनचालक तिकडे निघाले. आखाती शहरांना जशी इमारती बांधणारी माणसे हवी होती, तसे त्यांच्या नव्या क्लबांना सामने जिंकून देणारे खेळाडू हवे होते. जिमी त्याच लाटेवर स्वार होऊन गेला. फक्त त्याच्या हातात थापी नव्हती, चेंडू होता. क्रीडा-इतिहासात हा टप्पा इटलीच्या आधीची पायरी म्हणून एका ओळीत उरकला जातो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेजारीपाजारी आखातात जात असतील, तर परदेशी जाऊन कमावणे हे बंड राहत नाही, तो घरचा विचार होतो. आमच्या वसई तालुक्यातल्या कितीतरी घरांना हे सांगावे लागणार नाही. आखातातून आलेल्या पैशावर इथेही घरे बांधली गेली, मुले शिकली. पण त्या वाटेवरून आमचा व्हॉलीबॉल गेला नाही.

अबुधाबीहून १९८२ मध्ये जिमी इटलीत त्रेव्हिसोला पोहोचला. त्याच वर्षी दिल्लीत आशियाड झाले. रंगीत दूरचित्रवाणी आली आणि साऱ्या देशाने ते खेळ पाहिले. पण देशातला सर्वांत नावाजलेला व्हॉलीबॉलपटू त्या संघात नव्हता. व्यावसायिक खेळाडूच्या आयुष्यातला हा कायमचा ताण आहे : क्लबचा हंगाम एकीकडे, देशाचे बोलावणे दुसरीकडे. १९८६ मध्ये सोलला मात्र तो भारताकडून उतरला आणि जपानला मागे टाकून आपण कांस्य मिळवले. तब्बल २४ वर्षांनी आलेले ते पदक आशियाई स्पर्धांतले भारतीय व्हॉलीबॉलचे आजवरचे शेवटचे पदक आहे. परदेशी गेल्यामुळे खेळाडू देशाला परका होतो, ही समजूत सोलने खोटी ठरवली. इटलीत दर आठवड्याला जगातल्या चांगल्या ब्लॉकपुढे उडी मारणारा माणूस देशाच्या संघात आला, तेव्हा तो काहीतरी घेऊनच आला होता.

‘प्रो’ नावाची जमात

मराठी वाचकाला ही गोष्ट एका जुन्या गोष्टीची आठवण करून देईल. इंग्लंडमधल्या लँकेशायर लीगच्या गिरणगावांतले क्रिकेट क्लब प्रत्येकी एक व्यावसायिक खेळाडू पगारावर ठेवत. त्याला नुसते ‘प्रो’ म्हणत. वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ मध्ये नेल्सनला गेला आणि तिथला गावकरीच झाला. आपल्याकडचे विजय हजारे, दत्तू फडकर, सुभाष गुप्ते हे सगळे या वाटेने गेले. बाकीचा संघ गिरणीकामगारांचा आणि कारकुनांचा, शनिवारी सामना, प्रोने धावा केल्या नाहीत तर सोमवारी बाजारात त्याला लोकांची तोंडे पाहावी लागत. संघ हरला तर दोष त्याचा, कारण पैसे त्यालाच मिळत होते.

या पेशाची किंमत काय असते, हे १९५२ मध्ये विनू मांकड यांनी दाखवून दिले. हॅसलिंगडन क्लबचा करार समोर होता. इंग्लंड दौऱ्यासाठी निवड नक्की आहे का, असे त्यांनी मंडळाला विचारले. हमी मिळाली नाही, त्यांनी क्लबचा करार पत्करला. पहिल्या कसोटीत लीड्सला दुसऱ्या डावात भारताचे चार गडी शून्यावर बाद झाले. मग क्लबकडून मांकडना मागून घ्यावे लागले आणि लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, डावात पाच बळीही घेतले. त्या वेळी पैशासाठी खेळणे हा शब्दप्रयोग आपल्याकडे शिवीसारखा वापरला जाई. गवयाने बिदागी घ्यावी, पैलवानाने इनाम घ्यावे, पण खेळाडूने करारावर सही केली की त्याच्या देशप्रेमाची झडती सुरू, हा विरोधाभास आपण फार काळ जपला.

इटलीतला व्हॉलीबॉल लँकेशायरच्या क्रिकेटसारखाच छोट्या शहरांचा. मोदेनामध्ये चित्रांचे स्टिकर छापणाऱ्या पानिनी कंपनीच्या जुझेप्पे पानिनी यांनी १९६६ मध्ये व्हॉलीबॉल संघ उभा केला. पार्माच्या संघाच्या नावात कधी फळांच्या रसाचा छाप, कधी आइस्क्रीमचा. त्रेव्हिसोत पुढे बेनेटन या कपड्यांच्या कंपनीने ‘सिस्ले’ नावाने संघ चालवला. मिलान, रोम इथे फुटबॉलची सत्ता. व्हॉलीबॉलला आश्रय दिला तो मध्यम शहरांतल्या कारखानदारांनी. संघात परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या. म्हणजे जी जागा जिमीला मिळाली, ती त्या वर्षी जगातल्या दुसऱ्या कोणाला तरी नाकारून मिळाली होती. १९९० मध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णपदके खिशात असलेला अमेरिकेचा कार्च किराय रावेन्नाला गेला आणि त्याच वर्षी इटली जगज्जेती झाली, तेव्हा ही लीग साऱ्या जगाला ठाऊक झाली. जिमी तिथे त्याच्या आठ वर्षे आधी पोहोचला होता.

या जगण्यात चकाकी कमी, एकटेपणा फार. भाषा येत नाही, थंडी सोसत नाही, दुखापत झाली तर करार धोक्यात. अमेरिकेची फ्लो हायमन ऑलिंपिक रौप्य जिंकून जपानमधल्या एका कंपनीच्या संघाकडून खेळत होती. जानेवारी १९८६ मध्ये मात्सुए शहरात सामना चालू असताना बाकावर बसल्या जागी ती कोसळली आणि गेली. पुढच्या वर्षी जिमी गेला. दोघांचेही मृत्यू परक्या गावी, हंगामाच्या मध्यात झाले. केरळात जिमीच्या नावाचे तिरुवनंतपुरमचे स्टेडियम आहे आणि १९८९ पासून त्याच्या नावाचा पुरस्कारही दिला जातो. मोन्तिकियारीने केले ते त्याहून वेगळे : तो आपल्याकडे कामाला आलेला माणूस होता, हे त्या गावाने लक्षात ठेवले.

मधल्या पायऱ्या

आता मूळ प्रश्नाकडे. पेरावूरच्या मुलाला काय मिळाले, जे चिंचोटीच्या मुलाला मिळत नाही?

जिमीचा प्रवास पायऱ्यापायऱ्यांनी पाहिला, तर घर, गावचा संघ, विद्यापीठ, पोलीस खाते, आखाती क्लब, इटालियन क्लब अशी उतरंड दिसते. एकही पायरी दुसरीपासून उडी मारून गाठावी लागेल इतकी दूर नाही. केरळात पोलीस, वीज मंडळ यांसारख्या खात्यांचे संघ होते. खात्याचा संघ म्हणजे पगार, सराव आणि स्पर्धांसाठी रजा. पंचविशीतला खेळाडू घरच्यांना तोंड दाखवू शकतो, तो या पगाराच्या बळावर. परदेशी करार फसला तरी परत येण्याची जागा त्यामुळे शिल्लक राहते. व्यावसायिक होण्याचे धाडस बहुतेकदा सरकारी नोकरीच्या आधारावरच केले गेले, ही भारतीय खेळाच्या इतिहासातली गमतीची पण खरी गोष्ट आहे.

मुंबईत असे काही घडू शकले नसते असे नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांचे सुवर्ण जिंकणाऱ्या जपानी संघाचा गाभा काइझुका इथल्या निचिबो कापडगिरणीतल्या कामगार मुलींचा होता. दिवसा काम, रात्री उशिरापर्यंत सराव. कापडगिरण्या आपल्याकडेही होत्या, कामगार होते, खेळाची हौस तर उदंड होती. गिरणगावाने ती हौस कबड्डीला दिली, भजनाला दिली, नाटकाला दिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच गेल्या आणि कामगारवस्तीतल्या खेळांमागचा उरलासुरला आश्रयही आटला. नेमक्या त्याच वर्षी एक भारतीय खेळाडू इटलीतल्या औद्योगिक शहराच्या संघात दाखल होत होता. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. पण खेळाला कारखान्याचा आधार असणे आणि नसणे यांतले अंतर त्यांतून स्पष्ट दिसते.

गेल्या काही वर्षांत चित्र पालटल्यासारखे वाटते. २०१४ पासून प्रो कबड्डी आली आणि इराणचा फझल अत्राचली यू मुंबाचा कर्णधार झाला. म्हणजे परदेशी ‘प्रो’ आता आपल्या दारात आला. २०१९ च्या प्रो व्हॉलीबॉल लीगमध्ये मुंबईच्या नावाचा संघ होता आणि बीजिंग ऑलिंपिकचा सुवर्णविजेता डेव्हिड ली कोचीकडून खेळला. ती लीग तीन आठवडे चालली आणि एका मोसमानंतर थांबली. २०२२ मध्ये ‘प्राइम व्हॉलीबॉल’ या नावाने नवी लीग उभी राहिली. खेळाडूंच्या हाती थोडा पैसा आला, हे चांगलेच. पण इटलीतला हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन वसंतापर्यंत चालतो. तीन-चार आठवड्यांच्या लीगमधून नाव होते. पोट भरायचे तर वर्षातले सात-आठ महिने खेळायला मिळावे लागते. उत्सवाने सवय लागत नाही.

आमच्या भागात आज पैसा कमी नाही. चिंचोटी–कामण पट्ट्यात गोदामे उभी राहिली, वसई-विरारची २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. मोन्तिकियारीपेक्षा आमच्या शहराची वस्ती कितीतरी पटींनी मोठी आहे. स्पर्धाही होतात : रात्रीचे दिवे, मंडळाचा मोठा फलक, पुढाऱ्याचा सत्कार, विजेत्यांना चषक आणि रोख रक्कम. दुसऱ्या दिवशी बांबू उपटले जातात. वर्षभर चालणारा संघ, पगारी प्रशिक्षक, जवळच्या गावांशी दर आठवड्याला होणारा सामना यांतले काहीच नसते. पहिली पायरी आमच्या अंगणात आहे आणि शेवटची आता मोबाइलच्या पडद्यावर रोज दिसते. मधल्या पायऱ्या कोणी बांधल्याच नाहीत. मग अठराव्या वर्षी चांगला स्मॅश मारणारा मुलगा एकविसाव्या वर्षी गोदामात माल उतरवताना दिसतो आणि आपण म्हणतो, त्याच्यात जिद्द नव्हती.

जिमी जॉर्जच्या गोष्टीचा अर्थ मला असा लागतो. त्याची उडी देवाने दिली असेल, पण ती इटलीपर्यंत नेली ती एका समाजाने : खेळणाऱ्या घराने, विद्यापीठाने, रजा देणाऱ्या खात्याने आणि परदेशी जाण्याला न बिचकणाऱ्या शेजाऱ्यांनी. शेवटचा हातभार लावला मोन्तिकियारीसारख्या गावाने. चिंचोटीला उद्या जिमी जॉर्ज सापडेल की नाही, हे कोणाच्या हाती नाही. जानेवारीतली स्पर्धा संपल्यावरही जाळी बांधलेली ठेवणे मात्र आपल्या हाती आहे.